प्रवरपूरचा ताम्रपट, पवनारचे ग्रामदान आणि सोलारिसचा परवाना

१/ वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी पवनार लागते. या गावाचे नाव दोन दानांशी जोडले गेले आहे. एक पाचव्या शतकातील वाकाटक राजाचे, दुसरे विसाव्या शतकात येथूनच पायी निघालेल्या विनोबांनी मागितलेले. दोन्ही दाने जमिनीची. या धाग्यात त्यांच्या शेजारी एक तिसरे दान ठेवायचे आहे. २००५ साली एका अमेरिकन कंपनीने आपली विक्रीची ऑपरेटिंग सिस्टीम जगासाठी खुली केली आणि पाच वर्षांनी तिच्या नव्या मालकाने दार लावून घेतले. मालकाने खुली केलेली वस्तू पुढेही खुली राहावी यासाठी काय लागते, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी एकच आहे.

२/ प्रथम प्रवरपूर. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या अनेक ताम्रपटांत 'प्रवरपूर' या राजधानीचा उल्लेख येतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे प्रवरपूर म्हणजे आजचे पवनार, असे प्रतिपादन केले. पुढे मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी वेगळे मत मांडले. तो वाद अद्याप मिटलेला नाही. पवनारच्या आश्रमाच्या जागी खोदकाम करताना सापडलेली प्राचीन शिल्पे मात्र आजही तेथे पाहावयास मिळतात. भरत-राम भेटीचे म्हणून विनोबांनी ज्याला जपले, ते शिल्प त्यांपैकीच एक.

३/ प्रवरपुराहून दिलेल्या सनदांत चम्मकचा ताम्रपट विशेष प्रसिद्ध आहे. प्रवरसेनाच्या राज्यवर्ष १८ मधील हे दान. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ असलेले चर्मांक, म्हणजे आजचे चम्मक, हे ८,००० भूमी एवढे गाव १,००० ब्राह्मणांना देण्यात आले. काय दिले हे लेखात बारकाईने नोंदवले आहे: गावात राजाचे सैनिक शिरणार नाहीत, गाई-बैल, फुले, दूध, चराई, कातडी, कोळसा यांवरची राजाची मागणी माफ, वेठ माफ, भूमीतील ठेवी दान घेणाऱ्यांच्या. हक्कांची अशी एकेक करून केलेली मोजणी आजच्या कोणत्याही करारनाम्यात शोभून दिसेल.

४/ याच ताम्रपटात अटीही आहेत, आणि त्याची ख्याती त्यांच्यामुळेच आहे. दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालेल. पण दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार यांपासून दूर राहावे, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. त्यांनी यातले काही केले किंवा त्याला संमती दिली, तर राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. म्हणजे दानाला 'आचंद्रसूर्य' म्हणायचे आणि परत घेण्याची वाटही त्याच पत्र्यावर कोरून ठेवायची. अट मोडली की नाही, हे ठरवणारा अर्थातच राजा.

५/ अभिलेख वाचणारे कोणत्याही दानपत्राला ठरावीक प्रश्न विचारतात. दाता कोण? प्रतिग्रहीता कोण? नेमके काय दिले? कोणत्या अटींवर? दात्याने स्वतःकडे काय राखले? आणि वाद झाला तर निवाडा कोणाचा? हे प्रश्न जवळ ठेवावेत. पुढे संगणकाच्या परवान्यालाही हेच विचारायचे आहेत.

६/ आता दुसरे दान. विनोबा १९३८ मध्ये पवनारला राहावयास आले. मार्च १९५१ मध्ये ते येथून तेलंगणाकडे पायी निघाले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली. भूदानाचा तो आरंभ. मात्र एकाने दिलेली जमीन दुसऱ्या एकट्याच्या नावे करून प्रश्न पुरता सुटत नाही, हे लवकरच ध्यानात आले. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील मंगरोठ या गावाने बहुतेक सारी जमीन एकत्र अर्पण केली आणि 'ग्रामदान' ही कल्पना आकारास आली.

७/ ग्रामदानाची, विशेषतः पुढे रूढ झालेल्या 'सुलभ ग्रामदाना'ची रचना नीट पाहण्यासारखी आहे. जमिनीची मालकी गावाच्या सभेकडे जाते. कसण्याचा हक्क देणाऱ्याकडेच राहतो, तो वारसालाही मिळतो. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो. जमीन गावाबाहेर विकता येत नाही. मालकी आणि उपभोग या एरवी एकजीव वाटणाऱ्या दोन गोष्टी येथे वेगळ्या केल्या आहेत. पीक ज्याचे त्याने घ्यावे, बाजारात विकावे, त्यावर पैसा मिळवावा. पायाखालची भूमी मात्र सर्वांची. महाराष्ट्राने यासाठी १९६४ चा ग्रामदान अधिनियम केला.

८/ या चळवळीचा हिशेब कठोर आहे. देशभरात दीड लाखांहून अधिक गावांच्या ग्रामदानाची घोषणा झाली. कायद्याच्या कसोटीला उतरून खरोखर ग्रामदानी ठरलेली गावे त्या मानाने फार थोडी. संकल्पपत्रावर सही झाली, पण सही सांभाळणारी सभा उभी राहिली नाही. जेथे सभा आधीपासून जागी होती तेथे चित्र वेगळे दिसले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने वर्षानुवर्षे सर्वसंमतीने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली होती. त्याने २०१३ मध्ये, विनोबांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, ग्रामदान स्वीकारले.

९/ येथून संगणकाकडे वळू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि वापरणारा यांच्यामधली व्यवस्था: स्मृती कोणाला किती द्यायची, फाइल कोठे ठेवायची, कोणत्या कामाची पाळी आधी, हे ती ठरवते. ती ज्या मजकुरातून घडते त्याला सोर्स कोड म्हणतात. विकत मिळते ते बहुधा यंत्राला कळणारे रूप. माणसाला वाचता येईल असा मजकूर कंपनी स्वतःजवळ ठेवते. मजकूर हाती नसेल तर दोष दुरुस्त करता येत नाही, सुधारणा करता येत नाही. मालक दुकान बंद करील त्या दिवशी ग्राहकाचे कामही अडते.

१०/ आरंभी असे नव्हते. १९६९ मध्ये एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला. संगणकाच्या व्यापारात उतरण्यास कंपनीवर कायद्याचे बंधन होते. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्सचा सोर्स कोड अल्प शुल्कात मिळे. बर्कलेच्या विद्यापीठाने त्यात मोठी भर घातली. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले, ते बंधन सुटले आणि युनिक्स ही जोमाने विकण्याची वस्तू बनली. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यात सुधारणा केल्या होत्या त्यांना उमगले की आजवरचा मोकळेपणा केवळ परिस्थितीने दिला होता. त्यामागे लेखी हमी नव्हती.

११/ ती हमी लिहिण्याचे काम रिचर्ड स्टॉलमन यांनी केले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. त्याची युक्ती ग्रामदानाची आठवण करून देते. लेखकाने आपला स्वामित्वहक्क सोडायचा नाही. त्याच हक्काच्या बळावर अट घालायची. वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला सोर्स कोड आणि हेच सारे अधिकार द्या. पुढचा माणूस कुंपण घालू शकणार नाही, याची तजवीज परवान्यातच झाली. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवलेले लिनक्स १९९२ पासून या परवान्याखाली आले.

१२/ सन मायक्रोसिस्टिम्स ही युनिक्सच्या जगातली बडी कंपनी. स्थापना १९८२, संस्थापकांत विनोद खोसलाही होते. सोलारिस ही तिची ऑपरेटिंग सिस्टीम, आणि उत्पन्नाचा मोठा भाग महागड्या सर्व्हर यंत्रांचा. २००० नंतर इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, ग्राहक स्वस्त यंत्रे आणि लिनक्स यांकडे वळू लागले. तेव्हा सनने हिशेब मांडला: सोलारिस खुले केले तर अधिक लोक ते वापरतील, तपासतील, सुधारतील, पैसा यंत्रांतून आणि सेवेतून मिळेल. १४ जून २००५ रोजी ओपनसोलारिस प्रकल्प सुरू झाला आणि सोलारिसच्या गाभ्याचा मजकूर लोकांहाती आला.

१३/ दिले ते थोडे नव्हते. चालू यंत्राच्या पोटात काय घडते आहे हे ते न थांबवता दाखवणारे डीट्रेस त्यात होते. त्याच वर्षी अखेरीस झेडएफएस ही फाइल साठवण्याची पद्धतही आली. साठवलेल्या माहितीत गुपचूप शिरलेला बिघाड ती स्वतः ओळखते. परवाना होता सीडीडीएल. त्याची अट फाइलपुरती: खुल्या फाइलमध्ये बदल करून ती पुढे दिली तर बदललेला मजकूरही खुला ठेवा; सोबत जोडलेल्या स्वतःच्या नव्या फाइल बंद ठेवल्या तरी चालेल. दिलेला मजकूर परत मागण्याची तरतूद मात्र त्यात नव्हती. प्रवरसेनाच्या ताम्रपटाशी तुलना करता हा मोठाच फरक.

१४/ मग सनने स्वतःकडे काय राखले? तीन गोष्टी. पहिली, वेशीची किल्ली: मजकुराचे मूळ भांडार दीर्घकाळ कंपनीच्या आतच होते, बाहेरच्याने केलेली दुरुस्ती आत नेण्यासाठी सनमधला कोणी कर्मचारी पुरस्कर्ता म्हणून लागे. दुसरी, स्वामित्वहक्क: योगदान देणाऱ्याला एका करारावर सही करून आपल्या मजकुराचा संयुक्त हक्क सनला द्यावा लागे. तिसरी, नाव. शिवाय काही भाग इतर कंपन्यांच्या मालकीचे असल्याने ते केवळ यंत्ररूपात मिळत; त्यांचा मजकूर खुला झालाच नाही.

१५/ सभाही होती. २००७ मध्ये प्रकल्पाची घटना मंजूर झाली आणि सदस्यांनी नियामक मंडळ निवडले. पण सनने आपल्या एका उत्पादनाला 'ओपनसोलारिस' हेच नाव देण्याचे ठरवले तेव्हा या मंडळाच्या मताला वजन नसल्याचे उघड झाले. वेबच्या रचनेतील नामवंत अभियंते रॉय फील्डिंग यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये प्रकल्पातून अंग काढून घेतले. गावाची सभा भरते, ठराव होतात, पण सातबारा पाटलाच्या पेटीत कुलूपबंद, अशी ती अवस्था होती.

१६/ जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सुमारे ७४० कोटी डॉलरला सन विकत घेतली. नियामक मंडळ महिनोन्महिने विचारणा करीत राहिले; उत्तर येईना. जुलैमध्ये मंडळाने मुदत घातली: १६ ऑगस्टपर्यंत कंपनीने बोलणी करण्यासाठी कोणाला तरी नेमावे. १३ ऑगस्टला कंपनीचे एक अंतर्गत पत्र बाहेर फुटले. रोजच्या विकासाचा मजकूर यापुढे प्रसिद्ध होणार नव्हता. २३ ऑगस्ट २०१० रोजी मंडळाने स्वतःचे विसर्जन केले. पुढच्या वर्षी आलेले सोलारिस ११ पुन्हा बंद पेटीतले होते. संयुक्त हक्काचा करार आधीच सही झालेला असल्याने बाहेरच्यांचे योगदानही त्या पेटीत कायदेशीररीत्या जाऊ शकत होते.

१७/ येथे जमीन आणि मजकूर यांतला भेद कामी आला. जमीन एकच असते. राजाने ती घेतली की दान घेणाऱ्याचे हात रिकामे. मजकुराच्या प्रती मात्र जगभर गेल्या होत्या आणि सीडीडीएलने त्यांवरचे हक्क कायमचे दिले होते. ३ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे ते पत्र फुटण्यापूर्वीच, गॅरेट डी'अमोर यांनी इल्युमॉस हा प्रकल्प घोषित केला. जे भाग बंद होते ते नव्याने लिहिण्यात आले. सनमधून बाहेर पडलेले कित्येक अभियंते तिकडे वळले. झेडएफएस तर आधीच फ्रीबीएसडीत पोहोचली होती. २०१३ पासून ओपनझेडएफएस या नावाने तिचा विकास एकत्रितपणे चालू आहे.

१८/ तरी इल्युमॉसच्या वाट्याला जे आले त्याला विजय म्हणणे अवघड. परवान्याने २०१० पर्यंतचे सारे राखले. त्यानंतर सनच्या जुन्या दालनात जे लिहिले गेले ते कोणालाच मिळाले नाही. दाता दिलेले परत घेऊ शकत नव्हता, पण देणे थांबवू शकत होता. आणि ग्राहक, यंत्रे, पगार, नाव हे सगळे त्याच्याकडेच राहिले. नव्या प्रकल्पाकडे मजकूर होता आणि मोजकी माणसे होती. लेखी परवाना भूतकाळाचे रक्षण करतो. उद्याचे काम कोणी, कोणासाठी आणि कोठे करायचे, हे ठरवणारी सत्ता त्याच्याने मिळत नाही.

१९/ लिनक्सची घडण वेगळी होती. त्यात लिहिणाऱ्या हजारो लोकांनी आपले हक्क एकाच मालकाकडे सोपवले नाहीत. ज्याचे त्याच्याकडे राहिले. त्यामुळे सारे लिनक्स पुन्हा बंद करण्याचा अधिकार कोणा एकाकडे नाही. तरीही त्यावर मोठा व्यापार उभा राहिला. रेड हॅट कंपनीने २००३ पासून फेडोरा या खुल्या प्रकल्पात नवे काम करायचे, ते मुरले की त्यातून रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स घडवायचे, आणि पैसा दीर्घकाळच्या देखभालीचा व हमीचा घ्यायचा, अशी पद्धत बसवली. पीक विकायचे, भूमी नाही.

२०/ या पद्धतीशी मराठीचा थेट संबंध आहे, कारण रेड हॅटचे एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. भारतीय लिप्यांसाठीचे 'लोहित' फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली खुले केले. त्यांच्या जुन्या हक्कनोंदीत पुण्याच्या एका कंपनीचे नाव आढळते. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावाला साजेसा. २०११ मध्ये ते फॉन्टसाठी खास असलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. मराठी वळणाचा 'ल' किंवा 'श' हवा असेल तर मूळ आराखडा उघडून तो घडवावा. कोणाची परवानगी काढावी लागत नाही. पवनारच्या विनोबांनी नागरी लिपीसाठी आयुष्याची बरीच वर्षे खर्ची घातली होती. अक्षरेही सर्वांची असावीत, यासाठी आता लेखी आधार होता.

२१/ लिनक्सच्या गावातही कुरबुरी झाल्याच. रेड हॅटच्या प्रणालीची फुकट मिळणारी प्रतिकृती म्हणजे सेंटओएस. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट घेतली. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएसचे जुने रूप लवकर संपवण्याची घोषणा झाली. जून २०२३ पासून व्यापारी प्रणालीचा नेमका सोर्स कोड ग्राहकांपुरता ठेवण्यात आला. जीपीएल एवढेच सांगते की ज्याला प्रणाली द्याल त्याला मजकूर द्या. ते पाळले जात होते. तो मजकूर ग्राहकाने पुढे वाटला तर त्याची वर्गणी थांबवण्याचा अधिकार कंपनी करारात राखते. अक्षर पाळले गेले. आशय पाळला गेला का, यावर आजही वाद आहे. त्या काळात अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले, कारण उभे राहण्याचा हक्क शाबूत होता.

२२/ आता पाचव्या भागातले प्रश्न पुन्हा विचारून पाहावेत. ताम्रपटात अटी लिहिल्या होत्या, पण निवाडा दात्याचा. ग्रामदानात निवाडा सभेचा. मात्र सभा नसेल तर कागद कोरा. ओपनसोलारिसमध्ये कागद पक्का होता आणि सभा दुबळी. लिनक्समध्ये हक्क इतक्या हातांत विखुरले आहेत की कोणी एक मालक होऊ शकत नाही. एखादी कंपनी आपली प्रणाली 'खुली' केल्याचे जाहीर करते तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने घोषणा बाजूला ठेवून परवाना आणि योगदानाचा करार हे दोन कागद काढावेत. नाव कोणाकडे, भांडाराची किल्ली कोणाकडे, आणि 'नाही' म्हणू शकणारी सभा आहे का, हे शोधावे.

२३/ पवनारला १९५९ मध्ये विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. साधिकांच्या या आश्रमात कोणी प्रमुख नाही. निर्णय सर्वसंमतीने होतात. एकीचा विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. ही रीत संथ आहे, आणि घाईच्या व्यापाराला ती परवडणार नाही, असे म्हणता येईल. पण १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबा गेले आणि दुसऱ्या दिवशी आश्रमाचा मालक कोण, हा प्रश्न कोणाला विचारावा लागला नाही. ओपनसोलारिसच्या मंडळाला तोच प्रश्न २०१० च्या उन्हाळ्यात आठवड्यामागून आठवडे विचारावा लागला होता.